नालबंदीनंतरचे घोड्याचे लंगडणे

नालबंदीनंतरचे लंगडणे म्हणजे खुरांना नाल ठोकल्यावर काही तासांपासून साधारण दोन आठवड्यांपर्यंतच्या काळात घोड्याच्या चालीत दिसून येणारा लंगडेपणा होय. हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. खुराच्या जिवंत भागात शिरलेला किंवा त्याच्या फार जवळून गेलेला खिळा, प्रमाणाबाहेर कापलेले खूर, तळव्यावर टेकणारा नाल आणि खुराच्या आत साठलेला पू ही त्याची नेहमीची कारणे आहेत. कारण वेळीच सापडल्यास बहुतेक घोडे पूर्ण बरे होतात. दुर्लक्ष झाल्यास जंतुसंसर्ग खुरातील हाडापर्यंत पोहोचू शकतो किंवा धनुर्वात होऊन घोडा दगावू शकतो.

अशा प्रसंगानंतर घोड्याला पुन्हा नाल ठोकावेत की त्याला कायमचे बिननाली ठेवावे, हा प्रश्न अनेक घोडेमालकांपुढे उभा राहतो. लंगडण्याचे कारण शोधून उपचार करणे ही तातडीची बाब आहे. बिननाली ठेवण्याचा निर्णय मात्र खुराची प्रत, कामाचे स्वरूप व जमीन पाहून सावकाश घ्यावयाचा असतो. नाल काढल्यावर घोडा सुधारला, एवढ्यावरून नालबंदीच त्याला मानवत नाही असे सिद्ध होत नाही. तसेच नाल काढल्यावर तो अधिक लंगडू लागला, तर बिननाली राहणे त्याला कधीच जमणार नाही असेही ठरत नाही.

शब्द आणि पूर्वपीठिका

'नाल' हा शब्द अरबी भाषेतील पादत्राणवाचक शब्दापासून फारसीमार्गे मराठीत आला. नाल ठोकणाऱ्या कारागिराला 'नालबंद' आणि त्याच्या कामाला 'नालबंदी' म्हणतात. मराठेशाहीत 'नालबंदी' या शब्दाला आणखी एक अर्थ होता. शिलेदारांना घोडी व सरंजाम सिद्ध करण्यासाठी जी आगाऊ रक्कम दिली जाई, तिलाही नालबंदी म्हणत. घोडदळ उभे करण्याच्या खर्चाला खुराखालच्या लोखंडाचे नाव मिळावे, यावरून त्या काळी या कामाचे महत्त्व ध्यानात येते.

प्राचीन काळी घोडे बहुधा बिननालीच असत. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफोन याने अश्वविद्येवरील ग्रंथात घोड्याचे खूर टणक होण्यासाठी पागेबाहेरच्या आवारात गोटे पसरण्याचा सल्ला दिला आहे. खिळ्यांनी ठोकलेल्या लोखंडी नालाचा वापर युरोपात नवव्या-दहाव्या शतकांच्या सुमारास रूढ होत गेला. भारतात अश्ववैद्यकाची परंपरा शालिहोत्राच्या नावाशी जोडली जाते. उत्तर भारतात घोड्याच्या वैद्यासाठी वापरला जाणारा 'सलोतरी' हा शब्द त्याच नावावरून आला आहे. महाराष्ट्रात परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले.

खुराची रचना

नालबंदीत नेमके काय चुकते हे समजण्यासाठी खुराची रचना माहीत असणे आवश्यक आहे. घोड्याच्या प्रत्येक पायाला एकच खूर असतो. बाहेरून दिसणारा कठीण भाग म्हणजे खुराची भिंत. माणसाच्या नखाप्रमाणे ती केराटिन या पदार्थाची बनलेली असते आणि तिच्यात नसा किंवा रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे योग्य जागी ठोकलेला खिळा घोड्याला दुखत नाही.

भिंतीच्या आतल्या अंगाला वहीच्या पानांसारखे एकमेकांत गुंतलेले बारीक पापुद्रे असतात. यांतील आतले पापुद्रे जिवंत, रक्ताने भरलेले व अत्यंत संवेदनशील असतात. खुरातील हाड याच पापुद्र्यांच्या आधाराने भिंतीला लटकलेले असते. खूर उचलून खालून पाहिल्यास भिंत व तळवा यांच्या सांध्यावर फिकट रंगाची एक पट्टी दिसते. तिला पांढरी रेषा म्हणतात. ही रेषा नालबंदाची लक्ष्मणरेषा होय. खिळा या रेषेवर किंवा तिच्या बाहेर शिरला पाहिजे. तो आत गेला की जिवंत भागाला इजा होते.

तळव्याच्या मागील भागात पाचरीच्या आकाराचा रबरासारखा लवचीक भाग असतो. त्याला 'फ्रॉग' म्हणतात. त्याच्या वर एक गादीसारखा थर असतो. खूर जमिनीवर टेकते तेव्हा टाचेकडील भाग किंचित फाकतो आणि धक्का शोषला जातो. म्हणूनच खिळे खुराच्या पुढील अर्ध्या भागात ठोकतात व टाचेकडचा भाग मोकळा ठेवतात.

खुराची भिंत महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत संपूर्ण नवी भिंत येण्यास पुढच्या बाजूला सुमारे ९ ते १२ महिने लागतात. खुराला झालेली इजा भरून येण्यास आणि बिननाली होण्यास इतका वेळ का लागतो, त्याचे उत्तर या वाढीच्या वेगात आहे.

नालबंदीची रीत

जुना नाल काढण्यापूर्वी नालबंद भिंतीवर वळवलेली खिळ्यांची टोके सरळ करतो किंवा कापतो आणि मग पकडीने नाल हळूहळू उचकटतो. नंतर वाढलेली भिंत कापून कानशीने खूर सपाट करतो, नाल खुराच्या आकाराला जुळवून घेतो आणि खिळे ठोकतो. एका नालाला सामान्यतः सहा ते आठ खिळे लागतात. तापवलेला नाल खुरावर क्षणभर टेकवून बसवण्याची गरम पद्धत व तयार नाल ऐरणीवर ठोकून जुळवण्याची थंड पद्धत अशा दोन पद्धती प्रचलित आहेत.

नालाच्या खिळ्याच्या टोकाला एका बाजूने उतार असतो. ही बाजू खुराच्या आतील अंगाला ठेवतात, म्हणजे खिळा बाहेरच्या दिशेने वळत भिंतीतून बाहेर पडतो. तो उलटा धरला गेल्यास आतल्या दिशेने जातो. अनुभवी नालबंद हातोड्याच्या आवाजावरून खिळ्याचा मार्ग ओळखतो. कठीण भिंतीतून जाणाऱ्या खिळ्याचा आवाज खणखणीत येतो, तर मऊ भागाकडे वळलेल्या खिळ्याचा आवाज बोदा होतो. खिळा ठोकताना घोड्याने अचानक पाय ओढून घेतला, तर तो खट्याळपणा समजून दामटू नये. खिळा काढून पाहावा.

लंगडणे ओळखणे

घोड्याच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि लंगडण्याचे प्रमाणही पुढच्या पायांत अधिक आढळते. घोड्याला कठीण व सपाट जमिनीवर लगाम सैल धरून दुडक्या चालीने सरळ नेल्यास दोष स्पष्ट दिसतो. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि निरोगी पाय टेकताना खाली आणतो. मागचा पाय दुखत असेल, तर त्या बाजूचा पुठ्ठा दुसऱ्या बाजूपेक्षा अधिक वरखाली होताना दिसतो. दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखत असतील, तर डोक्याचा झोका दिसत नाही. घोडा फक्त आखडून, लहान पावले टाकत चालतो. त्यामुळे अशा घोड्याला आळशी ठरवले जाण्याचा संभव असतो.

लंगडण्याची तीव्रता सांगण्यासाठी अमेरिकन असोसिएशन ऑफ इक्वाइन प्रॅक्टिशनर्स या पशुवैद्यकांच्या संघटनेची ० ते ५ ही श्रेणी बरीच वापरली जाते. तीत ० म्हणजे कोणताही दोष नाही, ३ म्हणजे दुडक्या चालीत नेहमी दिसणारे लंगडणे, ४ म्हणजे साध्या चालीतही स्पष्ट दिसणारे लंगडणे आणि ५ म्हणजे पाय जवळजवळ टेकवताच न येणे.

चालीखेरीज खुराची ऊब व नाडीही पाहतात. घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटे ठेवल्यास खुराकडे जाणाऱ्या धमनीचे ठोके लागतात. निरोगी घोड्यात ते मंद असतात आणि खुरात दाह असेल तर जोरदार होतात. चारही खुरे हाताने चाचपून एखादे अधिक गरम आहे काय हे पाहावे. पशुवैद्यक मोठ्या चिमट्याने खूर ठिकठिकाणी दाबून दुखरी जागा निश्चित करतात.

कारणे

नालबंदीनंतर किती वेळाने लंगडणे सुरू झाले, ही कारण ओळखण्याची पहिली खूण असते.

ताबडतोब सुरू झालेले लंगडणे. खिळा थेट जिवंत भागात शिरल्यास घोडा त्याच क्षणी पाय ओढतो आणि जमिनीवर टेकवताना कचरतो. खिळा काढल्यावर त्याच्या छिद्रातून किंवा खिळ्याच्या अंगावर रक्त दिसू शकते.

पहिल्या दिवसात दिसणारे लंगडणे. खूर फार खोलवर कापले गेल्यास किंवा तळवा फार पातळ केल्यास घोडा खडकाळ जमिनीवर पाय जपून टाकतो आणि मऊ मातीवर बरा चालतो. बहुधा दोन्ही पुढचे पाय सारखेच दुखतात. तळव्यावर टेकणारा नाल, अति घट्ट वळवलेली खिळ्यांची टोके आणि गरम पद्धतीत तळव्याला बसलेला चटका यांमुळेही याच काळात त्रास सुरू होतो.

दोन-तीन दिवसांपासून पुढे दिसणारे लंगडणे. खिळा जिवंत भागात न शिरता त्याच्या अगदी लगत गेला, तर सुरुवातीला काही जाणवत नाही. घोडा चालू लागल्यावर प्रत्येक पावलागणिक त्या भागावर दाब पडतो आणि दुखणे हळूहळू वाढते. नालबंद निघून गेल्यावर हा प्रकार उघडकीस येत असल्याने त्याचा नालबंदीशी असलेला संबंध पुष्कळदा लक्षात येत नाही.

आठवडा-दोन आठवड्यांनी अचानक आलेले तीव्र लंगडणे. खिळ्याच्या वाटेने शिरलेल्या जंतूंमुळे खुरात गळू होते. खुराची भिंत ताणली जात नसल्याने पुवाचा दाब आतल्या आत वाढतो आणि आदल्या दिवशी ठीक असलेला घोडा तीन पायांवर उभा राहतो. हाड मोडले असावे असे वाटण्याइतके हे दुखणे तीव्र असते.

नालबंदीनंतर झालेले प्रत्येक लंगडणे नालबंदीमुळेच झालेले नसते. तळव्यात रुतलेला खडा किंवा काटा, स्नायूबंधाची इजा, सांध्याचा विकार आणि लॅमिनायटिस हे योगायोगाने त्याच सुमारास उद्भवू शकतात. लॅमिनायटिस म्हणजे खुरातील जिवंत पापुद्र्यांचा दाह होय. चंदी प्रमाणाबाहेर खाण्यात येणे हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. अशा वेळी घोडा पुढचे पाय पुढे ताणून, भार मागे टाकून उभा राहतो आणि दोन्ही पुढची खुरे गरम लागतात. हा तातडीचा आजार असून त्यावर निव्वळ नाल काढणे हा उपाय नव्हे.

प्रथमोपचार व उपचार

लंगडणे दिसताच घोड्याचे काम थांबवून त्याला कोरड्या व मऊ जागी उभे करावे आणि पशुवैद्यक व नालबंद या दोघांनाही कळवावे. शक्यतो दोघांनी एकत्र पाहणी करणे श्रेयस्कर असते. तपासणीपूर्वी वेदनाशामक औषध देऊ नये. त्याने घोडा तात्पुरता नीट चालू लागतो, पण दुखरी जागा सापडत नाही आणि इजा झालेल्या पायावर भार पडत राहतो.

नाल काढताना सगळे खिळे एकदम उपटण्यापेक्षा एकेक खिळा स्वतंत्रपणे काढून पाहतात. घोड्याने कोणत्या खिळ्याला पाय ओढला, कोणत्या खिळ्यावर रक्त, ओल किंवा काळपट दुर्गंधीयुक्त द्रव आहे, यावरून दोषी खिळा सापडतो. त्याचे छिद्र जंतुनाशक द्रावणाने धुतात. त्या छिद्रात लगेच दुसरा खिळा ठोकत नाहीत. खिळा केवळ लगत गेलेला असेल, तर तो काढल्यावर घोडा सहसा एक-दोन दिवसांत सुधारतो.

पू झाला असल्यास तो बाहेर निघण्यास वाट करून देणे हा मुख्य उपचार होय. पशुवैद्यक पांढऱ्या रेषेलगत लहानसे छिद्र पाडून निचरा करतात. त्यानंतर पोटीस बांधून किंवा मिठाच्या कोमट पाण्यात खूर शेकून उरलेला पू ओढून घेतात आणि छिद्र कोरडे होईपर्यंत पट्टी बांधतात. निचरा झाल्यावर मिळणारा आराम पुष्कळदा काही तासांतच दिसतो. वाट न मिळाल्यास पू भिंतीच्या आतून वर चढतो आणि केसांच्या कडेशी फुटतो. घरच्या घरी चाकूने तळवा कोरून पू शोधण्याचा प्रयत्न धोक्याचा आहे. मोठे भोक पडल्यास जिवंत भाग बाहेर येतो आणि बरे होण्यास अनेक आठवडे लागतात. प्रतिजैविके द्यावयाची की नाहीत हे पशुवैद्यकांनी ठरवावे. काही दिवसांत सुधारणा न झाल्यास क्ष-किरण तपासणीने हाडाची स्थिती पाहतात.

धनुर्वाताचा धोका या सर्व प्रकारांत समान असतो. या रोगाचे जंतू माती व शेण-लिदीत असतात आणि पाळीव प्राण्यांमध्ये घोडा या रोगाला विशेष बळी पडतो. बंद छिद्रात, हवा न लागणाऱ्या जागी हे जंतू वाढतात. शरीर आखडणे, जबडा न उघडणे, शेपटी ताठ होणे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातील आतली पापणी डोळ्यावर येणे ही लक्षणे साधारण एक ते तीन आठवड्यांत दिसतात. लक्षणे दिसल्यावर घोडा वाचवणे कठीण असते, म्हणून नियमित लसीकरण करतात. लस दिलेली नसल्यास खुराला खिळा लागताच पशुवैद्यकांकडून प्रतिविष टोचून घेणे आवश्यक ठरते.

दुर्गम भागातील काळजी

पशुवैद्यक हाकेच्या अंतरावर असेल हे वर गृहीत धरले आहे. महाराष्ट्राच्या अनेक भागांत तशी स्थिती नसते. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड तालुका हे त्याचे ठळक उदाहरण होय. इंद्रावती, पामुलगौतम व पर्लकोटा या नद्यांच्या संगमावर वसलेले भामरागड जिल्हा मुख्यालयापासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की आलापल्लीकडील रस्ता बंद पडून गावांचा संपर्क तुटल्याचे प्रसंग वारंवार घडले आहेत. या वनप्रदेशात शेतीचे काम बैलांवर चालते आणि घोडा क्वचितच दिसतो. तथापि अशा कोणत्याही ठिकाणी घोडा ठेवणाऱ्याला मदत पोहोचेपर्यंतचे दिवस स्वतः निभावून न्यावे लागतात.

त्यासाठी लसीकरण पावसाळ्यापूर्वीच पूर्ण करून घेणे आणि नालबंदीची वेळ रस्ता बंद होण्याच्या आधी दोन-तीन आठवडे ठेवणे हितावह असते. असे केल्यास खिळ्याचा दोष उघड होण्याचा काळ मदत मिळण्याजोग्या दिवसांत येतो. घोडा ठेवणाऱ्याला नाल काढता येणेही आवश्यक आहे. त्यासाठी पकड, कानस आणि हातोडा एवढी साधने पुरतात. नाल काढून, छिद्रे धुऊन, खुराला स्वच्छ कापड बांधून त्यावर जाड गोणपाटाचे आवरण घातल्यास चिखल आत जात नाही. आवरण ओले झाल्यास बदलावे. दूरध्वनीवरून पशुवैद्यकांना माहिती देताना नालबंदीची तारीख, लंगडणे सुरू झाल्याची वेळ, खुराची ऊब आणि कोणता खिळा दुखरा होता हे सांगितल्यास योग्य सल्ला मिळणे सोपे जाते.

सततच्या ओलीने खूर मऊ होते, पांढरी रेषा सैल पडते आणि फ्रॉगच्या खोबणीत दुर्गंधीयुक्त कुजणे सुरू होते. मऊ भिंतीत खिळे नीट धरत नाहीत. नाल ढिला होऊन सरकतो आणि त्याचा खिळा तळव्यात घुसू शकतो. म्हणून पावसाळी प्रदेशात काम कमी असलेल्या घोड्याचे नाल या दिवसांत काढून ठेवणे हा एक व्यवहार्य मार्ग आहे.

बिननाली ठेवण्याचा पर्याय

घोडा बिननाली ठेवण्याच्या बाजूने मुख्यतः तीन मुद्दे मांडले जातात. पहिला असा की, नाल नसल्यास टाचेकडचा भाग मोकळेपणी फाकतो आणि फ्रॉगला व्यायाम मिळून तो बळकट होतो. दुसरा, खिळ्यांमुळे भिंतीला पडणारी छिद्रे टळतात. तिसरा, गुळगुळीत किंवा ओल्या दगडावर पोलादापेक्षा खुराची पकड अधिक चांगली असते. अमेरिकेतील रानटी घोड्यांच्या खुरांचे निरीक्षण करून जेमी जॅक्सन यांनी १९९२ साली 'द नॅचरल हॉर्स' हा ग्रंथ लिहिला. त्यानंतर या विचाराला पाश्चात्त्य देशांत मोठा पाठिंबा मिळाला. त्यातील काही पद्धतींवर, विशेषतः खूर खोलवर कापणाऱ्या पद्धतींवर, पशुवैद्यकांनी आक्षेपही घेतले आहेत.

नालबंदीच्या बाजूचा मुख्य आधार झीज हा आहे. डांबरी रस्त्यावर किंवा खडकाळ वाटेवर रोज अनेक तास चालणाऱ्या घोड्याचे खूर वाढीपेक्षा वेगाने झिजते आणि तळवा जमिनीला टेकू लागतो. काही विकारांत तर खुराला आधार देण्यासाठी विशेष आकाराचे नाल हाच उपचार असतो. रानटी घोड्याशी केलेली तुलनाही मर्यादित आहे. तो घोडा दिवसभर कोरड्या, खडबडीत जमिनीवर चरत फिरतो, तर पाळलेला घोडा बराच काळ तबेल्यात लिदीच्या ओलीत उभा असतो आणि पाठीवर ओझे घेऊन चालतो.

निर्णय घेताना पुढील गोष्टी पाहतात.

• तळव्याची जाडी. क्ष-किरण चित्रात ती सुमारे १५ मिलिमीटरपेक्षा बरीच कमी असल्यास घोड्याला नालाविना त्रास होण्याचा संभव असतो.
• भिंतीची प्रत. वारंवार फुटणारी, पातळ भिंत असल्यास काळजी अधिक लागते. अर्थात अशा भिंतीत खिळेही नीट टिकत नाहीत.
• कामाचे स्वरूप. अधूनमधून मऊ जमिनीवर रपेट करणारा घोडा आणि रोज दगडी रस्त्यावर पर्यटक नेणारा घोडा यांना एकच नियम लावता येत नाही.
• आहार व आजार. लॅमिनायटिस झालेल्या घोड्याचे नाल पशुवैद्यकांच्या सल्ल्याविना काढू नयेत.
• मालकाकडील वेळ. बिननाली होण्याच्या काळात कित्येक आठवडे घोड्याकडून कमी काम घ्यावे लागते. ज्याची रोजची कमाई त्या घोड्यावर आहे, त्याला हा खर्च आधी मोजावा लागतो.

नालबंदीने आलेले लंगडणे पूर्ण बरे झाल्यावरच बिननाली होण्याची प्रक्रिया सुरू करणे इष्ट असते. नाल काढल्यावर तळवा मुळीच न कापता फक्त भिंतीची कड कानशीने गोलसर करतात, म्हणजे ती फुटत नाही. सुरुवातीला मऊ जमिनीवर, पाठीवर ओझे न देता, रोज दहा-पंधरा मिनिटे चालवतात आणि आठवड्या-आठवड्याने वेळ व जमिनीचा कठीणपणा वाढवतात. दर चार ते सहा आठवड्यांनी खुरांची छाटणी आवश्यकच असते. बिननाली म्हणजे बिनदेखभाल नव्हे. खडकाळ वाटेसाठी काढता-घालता येणारे रबरी किंवा प्लॅस्टिकचे खुराचे बूट मिळतात. पहिल्या काही आठवड्यांत खड्यांवर पाय जपून टाकणे अपेक्षित असते. मात्र मऊ जमिनीवरही घोडा लंगडत असेल, खुरे गरम लागत असतील किंवा घोडा पुष्कळ वेळ आडवा पडून राहत असेल, तर प्रयोग थांबवून तपासणी करावी. खिळ्यांची जुनी छिद्रे वाढीबरोबर खाली सरकत जातात. संपूर्ण नवी भिंत येईपर्यंत, म्हणजे सुमारे वर्षभर, खुराविषयी अंतिम मत देता येत नाही. सर्व घोड्यांना दोनांपैकी एकच टोक गाठावे लागते असेही नाही. पुढच्या पायांना नाल आणि मागचे पाय मोकळे ही मधली वाट अनेक ठिकाणी चालते.

महाराष्ट्रातील स्थिती

भीमा खोऱ्यातील भीमथडी घोडा मराठ्यांच्या घोडदळामुळे प्रसिद्धीस आला. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली आहे. तापीकाठच्या सारंगखेडा येथे दत्तजयंतीला आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचे मोठे बाजार भरतात. अशा बाजारात घोडा घेताना त्याला कठीण जमिनीवर दुडक्या चालीने चालवून पाहणे आणि चारही खुरे उचलून खिळ्यांच्या जागा तपासणे महत्त्वाचे असते. मुंबई व पुणे येथील शर्यतींच्या घोड्यांना ॲल्युमिनियमचे हलके नाल वापरतात. मुंबईतील हौशी सफरींच्या घोडागाड्या, ज्यांना व्हिक्टोरिया म्हणत, २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या.

घोड्याचे खूर आणि जमीन यांचा संबंध रायगड जिल्ह्यातील माथेरान येथे सर्वांत स्पष्टपणे दिसतो. या गिरिस्थानावर मोटारींना बंदी असल्याने प्रवासी व सामान यांची वाहतूक दीर्घकाळ घोडे आणि हातरिक्षा यांवर अवलंबून राहिली. २००३ साली हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. येथील वाटा जांभ्या दगडाच्या तांबड्या मातीच्या आहेत. पावसाने माती वाहून जाऊ नये म्हणून त्यांवर ब्लॉक बसवण्याचे काम सुरू झाले, तेव्हा अशा पृष्ठभागावरून नाल ठोकलेले घोडे घसरतात अशी तक्रार अश्वपालकांनी मांडली. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२५ साली न्यायालयाने दस्तुरी नाका ते शिवाजी महाराजांचा पुतळा या मुख्य मार्गावर ब्लॉक बसवण्यास मुभा दिली, मात्र अंतर्गत रस्ते व पायवाटा त्यातून वगळल्या.

मातीच्या वाटेवर नाल जमिनीत किंचित रुततो व पकड मिळते. सपाट, कठीण पृष्ठभागावर पोलाद पोलादासारखेच सरकते. त्यावर उपाय म्हणून नालाला टंगस्टन कार्बाइडचे खडबडीत ठिपके देतात किंवा रबरी तळाचे नाल वापरतात. फार घट्ट पकडही चांगली नसते. पाऊल किंचितही न सरकता एकदम थांबल्यास सांध्यांवर ताण येतो. एकाच घोड्याला दिवसभरात माती, खडी व ब्लॉक अशा तिन्ही प्रकारच्या वाटा तुडवाव्या लागत असतील, तर नालबंदीचा प्रश्न निव्वळ नालबंदाच्या कौशल्याचा राहत नाही. तो रस्ता बांधणाऱ्यांचाही होतो.

बैलांची नालबंदी

महाराष्ट्रात घोड्यांपेक्षा बैलांना नाल ठोकण्याचे काम अधिक चालते. ऊसवाहतुकीचे व बाजाराला जाणारे बैल डांबरी रस्त्यावर चालत असल्याने त्यांचे खूर झिजते. बैलाचे खूर दुभंगलेले असल्याने प्रत्येक भागाला स्वतंत्र पत्री मारतात. हे काम बहुधा बैलाला दोरांनी बांधून आडवे पाडून करतात. बैलाच्या खुराची भिंत घोड्यापेक्षा पातळ असते, त्यामुळे खिळा जिवंत भागात शिरण्याचा धोका अधिक असतो. खिळ्याची इजा ओळखण्याची व उपचाराची तत्त्वे घोड्याप्रमाणेच आहेत. केवळ शेतातल्या मातीत काम करणाऱ्या बैलाला सहसा पत्रीची गरज पडत नाही. ओझे, वाट आणि झीज पाहून नाल ठरवावा, हा नियम येथेही लागू पडतो.

प्रतिबंध

दर सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून खूर छाटणे आणि नाल शाबूत असल्यास तोच पुन्हा बसवणे, हा नालबंदीनंतरचे त्रास टाळण्याचा सर्वांत सोपा उपाय आहे. नाल झिजेपर्यंत थांबल्यास खूर वाढून पुढे झुकते आणि टाचा नालाच्या आत दबल्या जातात. नालबंदीपूर्वी व नंतर घोड्याला चालवून पाहावे, म्हणजे लंगडणे आधीचे की नंतरचे याविषयी वाद उरत नाही. नालबंदीच्या दुसऱ्याच दिवशी लांबचा प्रवास किंवा शर्यत ठेवू नये. रोज खरारा करताना खुरे साफ करून त्यांची ऊब पाहण्याची सवय मोतद्दारास लावावी. नालबंदीची तारीख, खिळ्यांची संख्या व आढळलेले दोष यांची नोंद ठेवल्यास पुढच्या वेळी तिचा उपयोग होतो.

कायदेशीर बाजू

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय अधिनियमातील कलम ११ नुसार आजार, जखम, दुबळेपणा किंवा अन्य कारणाने कामास अयोग्य असलेल्या जनावराकडून काम करवून घेणे हा गुन्हा आहे. लंगडणारा घोडा या तरतुदीत येतो. लंगडणे नालबंदीमुळे आले, खड्यामुळे आले की वार्धक्यामुळे, याने त्यात फरक पडत नाही. पर्यटनस्थळी किंवा वरातीत असा घोडा आढळल्यास त्यावर न बसणे आणि मालकाला त्याचा पाय दाखवून देणे एवढे तर कोणत्याही सामान्य नागरिकाला करता येते.